पुसदचे नगराध्यक्ष आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री
(नागपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



नागपूर शहराला महानगरपालिका लाभली ती मार्च १९५१ मध्ये. १८६४ पासून चालत आलेल्या नगरपालिकेचे ते रूपांतर होते. पहिली निवडणूक जून १९५२ मध्ये झाली आणि पहिल्या महापौरपदी बॅरिस्टर शेषराव वानखेडे आले. पुढे ते महाराष्ट्राचे अर्थमंत्री झाले आणि १९७२ ते १९७७ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. आज त्यांचे नाव घराघरांत ठाऊक आहे ते मुंबईतील क्रिकेटच्या मैदानामुळे. महापौर म्हणून त्यांनी काय केले हे नागपुरातही फारसे कोणी सांगू शकणार नाही. लोकस्मृतीचा हा विनोद आहे. पण त्याच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे. नगरपालिकेतील कारकीर्द ही राजकारणी माणसाच्या चरित्रात केवळ प्रस्तावनेपुरती उरते. खरे चरित्र मंत्रिपदापासून सुरू होते असे सर्वजण, स्वतः तो माणूसही, मानू लागतो.

१९५२ च्याच सार्वत्रिक निवडणुकीत जुन्या मध्यप्रदेशच्या विधानसभेवर पुसदहून एक अडतीस वर्षांचे वकील निवडून आले. १९४६ पासून ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. वसंतराव नाईक हे त्यांचे नाव. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांची वाटचाल हा आहे. तथापि विषय केवळ एका व्यक्तीचा नाही. स्थानिक संस्थेतून वर चढलेला माणूस वर गेल्यावर त्या संस्थेचे काय करतो, हा प्रश्न नाईकांच्या कारकिर्दीत जितका स्पष्टपणे विचारता येतो तितका तो दुसऱ्या कोणाच्या बाबतीत क्वचितच विचारता येईल. कारण महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांचा आराखडा ज्या समितीने आखला तिचे अध्यक्ष नाईकच होते.

नगरपालिका ही राजकारणाची पहिली पाठशाळा, ही कल्पना स्वातंत्र्य चळवळीने या देशात रुजविली. वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरू अलाहाबादच्या. सुभाषचंद्र बोस १९२४ मध्ये कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि १९३० मध्ये महापौर. परकीय सत्तेने वरची सर्व दारे बंद ठेवली असताना हे एकच दार अर्धवट उघडे होते. गटारे, नळ, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा आणि जकात यांतून या नेत्यांनी राज्यकारभाराचा पहिला धडा घेतला. पुसदच्या नगराध्यक्षाने घेतला तो याच परंपरेतील अखेरच्या वर्गांत. १९४६ ते १९५२ या सहा वर्षांत देश स्वतंत्र झाला आणि पाठशाळेची गरज संपली असे अनेकांना वाटू लागले.

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे बंजारा समाजात झाला. बंजाऱ्यांच्या तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात; म्हणजे त्यांचे आडनावच मुळी एक पद होते. हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडणाऱ्या या समाजाचा धंदा रेल्वेने बुडविला आणि त्यानंतर इंग्रजी कायद्याने भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा सपाटा लावला. अशा समाजातील मुलाचे शिक्षण गावोगाव फिरून झाले. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले आणि १९४० मध्ये वकिलीची परीक्षा त्यांनी येथेच दिली. आरंभी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली त्यांनी वकिली केली व नंतर पुसदला. १९४१ मध्ये त्यांचा विवाह नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी झाला. ब्राह्मण कन्या आणि बंजारा तरुण असा तो विवाह होता आणि दोन्ही समाजांत त्यावर गदारोळ उठला. पुढे मुख्यमंत्री झालेल्या माणसाच्या अंगी किती धैर्य होते याचा पुरावा शोधायचा तर तो मंत्रालयातील फायलींपेक्षा या विवाहात अधिक सापडतो.

१९५२ मध्ये रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. राजधानी नागपूर होती. मालगुजारी नष्ट करणारा कायदा नुकताच झाला होता, वऱ्हाडात कुळांना संरक्षण देणारा कायदा १९५१ मध्ये आला होता. म्हणजे नगराध्यक्ष एकदम जमिनीच्या प्रश्नाच्या ऐन मध्यभागी येऊन पडले. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य झाले, नागपूरची राजधानी गेली आणि नाईक मुंबईस गेले. तेथे सहकार, मग कृषी आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसूल अशी खाती त्यांच्याकडे आली.

१९६१ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत सर्वात महत्त्वाचे मानले पाहिजे. मुख्यमंत्रिपदाची अकरा वर्षे त्यापुढे गौण आहेत. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा, दुसरा जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा. दोन्हींशी महसूलमंत्री नाईकांचा थेट संबंध होता आणि दोन्ही एकमेकांशी जोडून वाचल्याखेरीज त्या काळाचा अर्थ लागत नाही.

आधी दुसरा कायदा घेऊ. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाचा जो नकाशा दिला, त्यात खरी सत्ता गटपातळीच्या पंचायत समितीकडे होती. जिल्ह्याची संस्था केवळ सल्लागार, आणि तिच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने जून १९६० मध्ये नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. २२६ शिफारशींच्या या अहवालाने मेहता समितीचा नकाशा उलटा केला. जिल्हा परिषद हीच बलवान संस्था असावी, कारण नियोजन करण्याइतका पैसा आणि जाणकार नोकरवर्ग जिल्ह्याच्या पातळीवरच मिळू शकतो, असे समितीने मानले. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवले. त्याच्या तोलाचा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमून त्याला निवडून आलेल्या परिषदेच्या हाताखाली दिले. आणि आमदार-खासदारांना परिषदेत जागा दिली नाही.

ही शेवटची तरतूद साधी वाटते. ती तशी नव्हती. ज्या आमदारांनी विधेयकावर मत द्यायचे त्यांनाच स्वतःच्या जिल्ह्याच्या कारभारातून बाहेर काढणारा हा कायदा होता. दूरवरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. आयर्लंडमध्ये लोकप्रतिनिधीने संसदेत बसावे आणि त्याच वेळी आपल्या जिल्ह्याच्या कौन्सिलातही बसावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. कौन्सिलातून संसदेत, संसदेतून मंत्रिमंडळात, अशी तेथील वहिवाट, आणि वर गेलेला माणूस खालची खुर्ची सोडीत नसे. ती रीत कायद्याने मोडायला २००३ साल उजाडले. महाराष्ट्राने ती मोडली १९६१ मध्ये. पुसदच्या नगरपालिकेत सहा वर्षे काढलेल्या माणसाला, वरचा पुढारी खालच्या सभागृहात येऊन बसला की खालच्या सभासदाचे तोंड कसे बंद होते, हे कोणी शिकवावे लागले नसेल.

१ मे १९६२ रोजी पंचवीस जिल्ह्यांत परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, ग्रामीण रस्ते, शेतीचा विस्तार ही कामे त्यांच्याकडे आली. कालपर्यंत कलेक्टर कचेरीच्या ओसरीवर ताटकळणारा शेतकरी सभापती म्हणून मोटारीतून हिंडू लागला. शहरी वृत्तपत्रांनी त्याची भरपूर टर उडविली. त्या टवाळीत बराचसा भाग वर्गीय तुच्छतेचा होता हे आज मान्य करायला हरकत नाही.

परंतु तो शेतकरी कोण होता? येथे पहिल्या कायद्याकडे वळावे लागते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही ओलिताच्या जमिनीला १८ एकरांची मर्यादा घातली खरी, पण जिरायतीची मर्यादा काही भागांत १२६ एकरांपर्यंत ठेवली. जिरायती विदर्भ-मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो हे सांगणे नको. १९७५ मध्ये सुधारित कायदा लागू होऊन ही मर्यादा ५४ एकरांवर आली. तोवर वाटण्या, बेनामी नोंदी आणि देवस्थानांचे दानपत्र यांसाठी चौदा वर्षे मिळाली होती. खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी मात्र सरकारने खरोखर काढून घेतल्या आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. एकंदरीत पाहता, गावातील जमिनीची मालकी फारशी न हलविता गावातील राजकीय सत्ता निवडणुकीवर सोपविण्यात आली. मग निवडून कोण येणार? ज्याच्या शेतावर मतदार मजुरीला जातो तोच. जिल्हा परिषद, सहकारी बँक आणि साखर कारखाना या तिन्ही ठिकाणी तीच मंडळी दिसू लागली यात नवल काय? नाईकांनी शिडी उभी केली. तिची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे, हे पाहण्याचे काम त्यांच्याच खात्याचे होते.

मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. एवढा प्रदीर्घ काळ सलगपणे या राज्याचे मुख्यमंत्रिपद दुसऱ्या कोणी सांभाळलेले नाही. त्यांच्या शेतीप्रेमाविषयी खूप लिहिले गेले आहे. संकरित ज्वारीचा प्रसार त्यांनी ध्यास घेऊन केला, चार कृषी विद्यापीठे त्यांच्या काळात उभी राहिली, त्यातील अकोल्याचे १९६९ मधील. १९६५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्या, अशा अर्थाची घोषणा त्यांनी केली ती प्रसिद्धच आहे. राज्य काही दोन वर्षांत स्वयंपूर्ण झाले नाही. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला बियाणे बदलून पाणी मिळत नाही, हे १९७२ ने दाखवून दिले.

त्या दुष्काळाने नाईकांची कसोटी पाहिली आणि त्यांना खरी प्रतिष्ठाही दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या बायांच्या हाताला फोड होते, मजुरी उशिरा मिळत होती, सुकडीच्या वाटपाबद्दल तक्रारी होत्या. पण पूर्वीच्या दुष्काळांत माणसे जशी रस्त्याच्या कडेला मेली तशी ती या वेळी मेली नाहीत. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग सुरू केला होता त्याला या काळात राज्यव्यापी रूप आले. मागेल त्याला काम हे तत्त्व १९७७ मध्ये कायद्यात उतरले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. त्याच्यामागे कामगार, शेतमजूर आणि समाजवादी-साम्यवादी कार्यकर्त्यांच्या मोर्चांचा रेटा होता, हे सरकारी गौरवग्रंथ सहसा सांगत नाहीत. कापसाची एकाधिकार खरेदी ही त्या काळातील दुसरी मोठी गोष्ट. १९७२ च्या हंगामापासून विदर्भातला कापूस सरकार हमीच्या भावाने घेऊ लागले आणि अडत्याची मक्तेदारी काही काळ मोडली. पुढे त्या योजनेत खाबूगिरी शिरली, तोटा वाढला, नव्वदनंतरच्या धोरणांनी तिचा पाया काढून घेतला. आज शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी सरकारने काढलेल्या मिशनला नाव आहे ते वसंतराव नाईकांचे. यापेक्षा कटू उपरोध कोणता?

मुंबईबाबत मात्र या मुख्यमंत्र्यांविषयी मृदू बोलणे कठीण आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला लोक 'वसंतसेना' म्हणत ते उगाच नव्हे. कामगार संघटनांतील डाव्यांचा जोर मोडण्यासाठी सरकार या सेनेकडे काणाडोळा करते, असा आरोप तेव्हा उघड केला जात होता. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. नरिमन पॉइंटच्या समुद्रात भर घालून काढलेले भूखंड निविदा न मागविता दिल्याचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेतावर रमणारा मुख्यमंत्री राजधानीत बिल्डरांच्या बाबतीत असा उदार का व्हावा, याचे उत्तर पक्षनिधीच्या हिशेबात असावे.

याच काळात दुसरी एक वाटचाल चालू होती. मृणाल गोरे १९५३ मध्ये गोरेगावच्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या, १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत आणि १९७२ मध्ये विधानसभेत. नळाच्या पाण्यासाठी झगडणारी बाई म्हणून त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव मिळाले. १९७२ नंतर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेले स्त्रियांचे मोर्चे नाईक सरकारच्याच दारात थडकले. त्यांत अहिल्या रांगणेकरही होत्या, त्यादेखील महापालिकेतूनच आलेल्या. पायऱ्या त्याच होत्या. गोरेबाई १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या, तरी नळ, रॉकेल आणि धान्य हे त्यांचे विषय शेवटपर्यंत सुटले नाहीत.

आता विदर्भ. सव्वाअकरा वर्षे मुख्यमंत्रिपद या भागाकडे होते. नागपूर कराराने १९५३ मध्ये समतोल विकासाची ग्वाही दिली होती. १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष मोजला तेव्हा तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास होता. माणूस आपला असला की प्रदेशाचे भले होते, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नको. नाईकांनी विदर्भाचा द्वेष केला असे कोणी म्हणणार नाही. पण मुंबईतील खुर्ची पश्चिम महाराष्ट्रातील आमदारांच्या बळावर टिकत होती आणि निधी वाटताना ते बळ विसरता येत नव्हते.

विकेंद्रीकरणाचेही असेच झाले. नाईकांच्या अमदानीतच, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, जिल्हा नियोजन व विकास मंडळे निघाली आणि त्यांच्या अध्यक्षस्थानी मंत्री बसला. ज्या नियोजनासाठी जिल्हा परिषद बलवान हवी असे १९६१ च्या अहवालाने सांगितले, ते नियोजन तिच्या हातून निघाले आणि दारातून बाहेर काढलेले आमदार खिडकीतून परत आले. पुढे तर निवडणुकाच थांबल्या. १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ मध्ये; तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक. गहुलीचे सरपंच, पुसद पंचायत समितीचे सभापती, यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आमदार आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री असा त्यांचा प्रवास होता. काकांनी आखलेल्या शिडीची एकही पायरी त्यांनी वगळली नाही. मात्र पुसदच्या मतदारसंघात १९५२ पासून बहुतेक सर्व काळ एकाच घराण्याचे प्रतिनिधित्व राहिले आहे. तांड्याचे नायकपण वंशपरंपरेने येत असे. मतपेटीतूनही ते तसेच यावे हे त्या शिडीच्या कर्त्याला अभिप्रेत होते काय?

घराण्यावाचून चढलेले लोक नाहीत असे नाही. सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील १९७९ पासून जिल्हा परिषदेत होते, १९९० मध्ये आमदार झाले आणि १९९९ मध्ये ग्रामविकासमंत्री झाल्यावर त्यांनी गावाच्या स्वच्छतेला प्रतिष्ठा मिळवून दिली. जिल्हा परिषदेत काढलेली अकरा वर्षे त्या कामात दिसत होती.

नागपूरचेही उदाहरण समोर आहे. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये येथील नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर, १९९९ मध्ये आमदार आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री. २०२२ मध्ये मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्याचे नगरसेवक होते. आणि याच काळात, मार्च २०२२ मध्ये, नागपूर महानगरपालिकेची मुदत संपून तेथे प्रशासक आला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील बदल ही कारणे दिली गेली. त्यांची सुरुवात आधीच्या सरकारच्या काळात झाली होती हे खरेच आहे. परंतु घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्यांनी मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याचे जे बंधन घातले, ते साडेतीन वर्षांहून अधिक काळ कागदावर राहिले. राज्यातील बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा अशाच अधिकाऱ्यांच्या हाती होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला या निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. एका माजी महापौराने आणि एका माजी नगरसेवकाने चालविलेल्या सरकारकडे नागपूरच्या एखाद्या वस्तीतील बाईने या काळात नळाची तक्रार न्यायची झाली, तर ती ऐकून घेण्यासाठी तिच्या प्रभागात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. महापालिकेच्या इमारतीत प्रशासकाची खोली होती. तेथे भेटीच्या वेळा दाराबाहेर लिहिलेल्या असत.